मदत हवी आहे: बोक्याने लिली खाल्ली, घरी काय देऊ?

गौरी_कल्याण (रात्री ९:१०)
तातडीचं आहे. बोक्याने लिली खाल्ली. दोनदा उलटी झाली, कोपऱ्यात बसून लाळ गाळतोय. आमचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. घरी काय देता येईल?

बागवेडा
पीस लिली ना? मग घाबरू नका. तिच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात म्हणून लाळ गळते. मनी प्लांट, डिफेनबाखियाचंही तेच. आमच्या मनीने दोनदा चावली, संध्याकाळपर्यंत ठणठणीत.

आजोळ
कोमट पाण्यात मीठ घालून पाजा, सगळं पडून जाईल. गावाकडे कुत्र्यांना हेच करतो.

सुमेधा_क
मीठ अजिबात नको! रक्तातलं सोडियम वाढून जनावर दगावतं. गौरी, कुंडीतली की बुकेतली? कधी खाल्ली?

आजोळ
आम्ही वर्षानुवर्षं देतोय, एकही दगावलं नाही.

सुमेधा_क
काका, त्याला उलट्या आधीच होतायत. आणखी कशाला काढायच्या?

टेरेसवाली
विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे पिल्लू येणार आहे. अडेनियम काढू का? कोरफड चालेल?

गौरी_कल्याण (९:२६)
कुंडी नाही हो. बाबांच्या साठीचा बुके, फुलदाणीत ठेवला होता. मोठी पांढरी फुलं. चारच्या सुमारास पाडलेला दिसला. एकच पान कुरतडलंय, म्हणून मी लक्ष दिलं नाही. नाकावर, मिशांवर शेंदरी पूड लागलीय, ती चाटतोय.

सुमेधा_क
ते पराग आहेत, आधी ओल्या फडक्याने पूस. ही खरी लिली, कुंडीतली पीस लिली नव्हे. मांजराला चाटलेले परागही पुरतात, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात. मधे उलट्या थांबतात, बरं वाटल्यासारखं दिसतं, त्याला भुलू नकोस. आमची चिंगी अशीच गेली. रात्री उलट्या थांबल्या म्हणून आम्ही सकाळची वाट बघितली. रात्रभर उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना शोध आणि नीघ, फुलाचा फोटो घेऊन जा. शिरेतून सलाईन जितकं लवकर लागेल तितकं बरं.

बागवेडा
मी कुंडीतलीच धरून चाललो, चूक झाली. माझा वरचा प्रतिसाद धरू नका.

लॅबचा_बाबा
आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याने अख्खा गुच्छ फस्त केला होता, नुसतं पोट बिघडलं. उगाच घाबरवताय.

सुमेधा_क
कुत्र्याचं लिलीने पोटावर निभावतं, मांजराचं नाही. कुत्र्यांनी सागो पामपासून लांब राहावं, त्याच्या बिया यकृत खातात. टेरेसवाली, अडेनियम काढाच, कण्हेरीसारखं हृदयावर जातं. कोरफडही उंच टांगा, उलट्या-जुलाब होतात.

गौरी_कल्याण (रात्री १:४०)
सलाईन लागलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) सध्या ठीक आहे, पण दोन-तीन दिवस ठेवून घेणार, रोज रक्त तपासणार. बाबांनी बुके खाली नेऊन टाकला. ते अजून जागेच आहेत.
एक सांगायचं राहिलं. घरी याची बहीणही आहे. दोघं एकमेकांना चाटत बसतात. ती अगदी व्यवस्थित खेळतेय, मग सकाळी आणली तर चालेल ना?

सुमेधा_क (१:४२)
नाही. बाबांना आत्ता फोन कर, तिला घेऊन निघायला सांग.