मुलाला घेऊन निसर्ग शिबिराला गेला होतात का? अनुभव लिहा

चांदणवेल

काल माळा आवरताना एक काडेपेटी सापडली. आत कापूस आणि कापसावर सिकाड्याची कात. मे महिन्यात झाडावर दुपारभर किर्रर्र करून डोकं उठवतो ना, तोच किडा. त्याचं पिल्लू जमिनीतून वर येतं, खोडाला नखं रोवून बसतं, पाठीवर उसवतं आणि आतला पंखवाला निघून जातो. मागे उरतं हे टरफल. सात वर्षं झाली, पण पायांच्या आकड्या अजून शाबूत!

लेक तेव्हा पाचचा होता. मुरबाडच्या पुढे एका शेतावर तीन दिवसांचं शिबिर होतं, पालक आणि मूल दोघांनी यायचं. नवऱ्याला रजा मिळाली नाही म्हणून मी गेले, तीही कपाळाला आठ्या घालूनच. झुरळ दिसलं तरी शेजारच्या काकूंना हाक मारणारी बाई मी.

पहिल्या दुपारी सगळ्यांना आंब्याखाली बसवलं. पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, मुलांना जिथे जायचं तिथे जाऊ द्यायचं. पाच मिनिटांत मी तीनदा म्हणाले, "तिकडे हात नको लावूस." शिबिरातल्या ताई शांतपणे आल्या, माझ्या हातात गवताची एक काडी दिली आणि दातांत धरा अशी खूण केली. काडी दातांत म्हणजे तोंड बंद. थोड्या वेळाने बघते तर सगळ्या आयांच्या तोंडात काड्या, दोन बाबांच्याही. लेक खोडाभोवती फिरत होता. मग आला आणि माझ्या तळहातावर ही कात ठेवली. काडी नसती तर माझी किंकाळी मुरबाड स्टँडपर्यंत गेली असती.

आता तो बारा वर्षांचा आहे. काडेपेटी दाखवली तर कानातलं न काढता म्हणाला, "टाकून दे ना." टाकली नाही. तुमचंही असं काही असेल तर लिहा.

कल्याणस्लो

कुठलं शिबिर? फी किती? चार वर्षांचं घेतात का?

फाटकी छत्री

काडीची युक्ती भारी आहे. उद्यापासून घरात एक जुडी आणून ठेवते. माझ्यासाठीच, बाकी कुणाला द्यायची हिंमत नाही.

बापमाणूस

आमचं चिपळूणच्या बाजूला, एप्रिलात. मी पुण्यात वाढलेला. मला वड, पिंपळ ओळखू येतात, बाकीची सगळी 'झाडं'. पण मुलीसमोर काहीतरी माहिती असल्यासारखं दाखवायला नको का? एका वेलीला सोनेरी मखमली शेंगा लागल्या होत्या. एक तोडली आणि "बघ पिल्ल्या, किती मऊ" म्हणत तिच्या गालाला लावणार, तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी ओरडल्या, "अवो, टाका ती! खाजकुयली हाय!"

गाल वाचला. पण मी तोवर त्याच हाताने मानेवरचा घाम पुसला होता. आणि कुठे कुठे हात गेला होता ते लिहीत नाही. त्या शेंगेवर बारीक कुसं असतात, खाजवलं की आणखी आत शिरतात. मावशींनी ओलं शेण थापलं, वाळू दिलं, मग खरवडून काढलं. असं दोनदा. लेक शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. जूनमध्ये शाळेत सुट्टीवर निबंध लिहायला सांगितला. तीन दिवसांच्या शिबिरावर तिने एकच ओळ लिहिली: 'माझ्या बाबांना शेण लावले.'

फाटकी छत्री

बापमाणूस, मी लोकलमध्ये वाचतेय हो. समोरची बाई बघायला लागली.

निवृत्तबाई

इतके पैसे भरून मुलांना चिखलात बसवायचं? आमच्या वेळी याला मे महिना म्हणायचे. आजोळी जायचं, करवंदांच्या जाळीत हात घालायचा, चिकाने हात काळे करून घ्यायचे, रात्री ओरडा खायचा. शिबिर कसलं डोंबलाचं?

गुळांबा

काकू, माझं आजोळ भांडुपला, चाळीत तिसरा मजला. मे महिन्यात तिथे आम्ही पाण्याचे ड्रम भरायचो. करवंदं टोपलीतच बघितली. माझ्या मुलीने जाळीतलं पहिलं करवंद तोडलं तेव्हा माझंही पहिलंच होतं. कोंबडा की कोंबडी हा खेळही तिथेच कळला (करवंद चावायचं आणि आतला रंग बघायचा, लाल निघाला तर कोंबडा). चौतीस वर्षांची मी आणि पाच वर्षांच्या मुलांशी हरत होते.

निवृत्तबाई

बरोबर आहे गं तुझं. आमच्या आजोळच्या घराच्याही वाटण्या होऊन तीन भाग झाले. मधल्या भागाला कुलूप असतं आणि विहीर नेमकी त्याच भागात. नातवाला दाखवायला नेलं तर कुंपणावरून दाखवावी लागली. करवंदाचा चीक हाताला लागला तर आधी खोबरेल चोळायचं आणि मग साबण लावायचा, हे मात्र लिहून ठेव.

मोहफूल

तुमचं बरं आहे बापा. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात शिबिर ठेवलं तर पोरांचे पापड होतील. पारा पंचेचाळीसवर. म्हणून इकडे जे काही होतं ते मार्चमध्ये, तेही पहाटे. एकदा रामटेकच्या बाजूला मोहफुलं वेचायला गेलो होतो. ती रात्रभर गळतात, उजाडता उजाडता झाडाखाली सडा असतो. पोरगं पाच वाजता उठलं, जे शाळेसाठी आठलाही उठत नाही. वेचली किती? मूठभर. खाल्ली किती ते विचारू नका.

काटकोन

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू सांगतो. लोणावळ्याच्या जवळ 'निसर्ग शिबिर' म्हणून गेलो, माझे आणि मुलाचे मिळून चांगले पैसे मोजले. पहिला दिवस: एसी हॉल, छापील कागद, 'पानाला रंग द्या'. बाहेर खरी पानं वाळून पडली होती हो! दुसरा दिवस: डीजे लावून रेन डान्स. निसर्ग म्हणून पिंजऱ्यात चार ससे. तक्रार केली तर म्हणाले, पालकांना हेच आवडतं. सगळ्यात वाईट म्हणजे मुलाला फार आवडलं. अजून विचारतो, ससेवाल्या शिबिराला कधी जायचं?

शीळ

मी अशी शिबिरं घेते (इथे जाहिरात नाही, नाव सांगणार नाही), म्हणून थोडं लिहिते. सहाच्या आतली मुलं एकटी घेत नाही, पालक लागतोच. रात्री जाग आली की त्यांना ओळखीचा वास लागतो, बाकी काही नाही. खरं काम पालकांचंच. मुलगा दगड उचलतो आणि मागून आवाज येतो, "सांग बरं, काय आहे ते?" लगेच परीक्षा! आमचा नियम असा की मुलापासून तीन पावलं मागे राहायचं आणि ते विचारेल तेव्हाच बोलायचं. हे पाळणं आयांना जमतं. बाबांना माहिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. (बापमाणूस, तुमच्यावर नाही हो!)

आणि काटकोन, फी भरायच्या आधी दिवसाचं वेळापत्रक मागा. अर्ध्या अर्ध्या तासाला कार्यक्रम लिहिलेला असेल तर जाऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला एका वारुळापाशी पाऊण तास लागतो.

कल्याणस्लो

ताई, साप-विंचवाचं काय? बायको त्यावरच अडलीय.

शीळ

तिची भीती रास्त आहे. साप बहुतेक बिनविषारी असतात, पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं पाठ करा. कोकणात लाल विंचवाचंही बघावं लागतं. लहान मुलाला तो जिवावर बेतू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, तेव्हापासून किती मुलं वाचली आहेत. म्हणून बूट झटकून घालायचे, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही. आणि आयोजकाला एकच विचारा: सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवणारं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? अडखळला तर पैसे भरू नका.

कल्याणस्लो

धन्यवाद. बायकोला वाचून दाखवलं. आता ती आणखी घाबरली.

मुक्काम फ्रायबुर्ग

इथे जर्मनीत वाल्डकिंडरगार्टन असतं, म्हणजे बालवाडीच जंगलात. मुलं बाराही महिने बाहेर. पाऊस आला तर रबरी चिखलपँट चढवायची आणि खेळ चालू. तीनच्या आतल्यांसाठी आईबरोबर यायचे गट असतात, त्यात मी लेकीला घेऊन जायचे. पहिल्या दिवशी मी डब्यात पोळीचे रोल, टिश्यू, सॅनिटायझर, दुसरा ड्रेस, तिसरा ड्रेस घेऊन गेले. बाकीच्या आयांकडे एक सफरचंद. मुलीचा रोल पालापाचोळ्यात पडला, तिने उचलून खाल्ला. मी मागे वळून पाहिलं, कुणीही बघत नव्हतं.

इकडे धास्ती गोचिडाची. या भागात त्याच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो, म्हणून लस टोचून घ्यायला सांगतात. रोज संध्याकाळी अंघोळीच्या आधी काखा, जांघा, कानामागे, सगळं तपासायचं. सापडलाच तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायचा, तेलबिल लावायचं नाही. आता पुण्याला आले तरी रात्री मुलीचे कान तपासते. आई म्हणते, काय शोधतेस, उवा?

गुळांबा

आमच्या चाळीत तपासायचे ते उवांसाठीच :)

अबोलपणा

इथे लिहू की नको असं झालं होतं. मुलगा साडेसहाचा, ऑटिझम आहे, फारसं बोलत नाही. दोन ठिकाणी सांगितलं, आमच्याकडे जमणार नाही. तिसऱ्यांनी या म्हटलं. ओढ्यापाशी त्याने एक पान सोडलं, ते दगडाला अडकेपर्यंत बघितलं, परत दुसरं पान. तीन तास. बाकी सगळे जेवायला गेले. त्यांच्यातला एक दादा दोन ताटं घेऊन तिथेच आला आणि आम्ही दगडावर बसून पिठलं-भात खाल्ला. कुणी विचारलं नाही की तो असं का करतो. घरी मी हे रोज दहा जणांना समजावते.

चांदणवेल

अबोलपणा, बरं झालं लिहिलंस. त्याला कसलं पान आवडतं?

अबोलपणा

करंजाचं. लांब जातं.

रातराणी७

भंडारदरा, जूनचा पहिला आठवडा, काजवे बघायला. मुलगा चार वर्षांचा, दिवसभर उड्या मारून साडेसातलाच झोपला. नऊला सगळे निघाले. उठवला तर उठेना, म्हणून पंधरा किलोचं पोतं खांद्यावर टाकून मी चालले. आणि काय सांगू! एक अख्खं झाड एकाच वेळी पेटत होतं, एकाच वेळी विझत होतं, की पुढचं झाड. ती नरांची मादीला हाक असते म्हणे. विजेरी बंद, फोन बंद, बोलणं बंद. खांद्यावरून लाळ माझ्या कुर्त्यात. आज तो अकराचा आहे आणि ठाम म्हणतो, मला नेलंच नव्हतं. पुरावा काय, तर फोटोही नाही.

हल्ली मात्र तिकडे जाऊ नका शनिवार-रविवारी. गाड्यांचे हेडलाइट आणि वडापावच्या गाड्या. जत्रा झालीय नुसती.

फाटकी छत्री

ज्यांना राहायचं शिबिर परवडत नाही त्यांच्यासाठी: ठाण्याला ओवळेकर वाडी, रविवारी सकाळी, फुलपाखरं. गोरेगावला फिल्मसिटीत बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) केंद्र आहे, तिथेही फिरायला नेतात. आम्ही अर्ध्या दिवसासाठी गेलो आणि घरी काय झालं बघा: मुलीला कळलं की कढीपत्त्यावर फुलपाखरू अंडी घालतं. लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. याआधी मी नळाखाली धरून धुऊन टाकायचे. आता हात लावायची परवानगी नाही. कुंडीत नुसत्या काड्या उरल्यात आणि गेला महिनाभर आमटीला कढीपत्ता नाही. सासूबाईंनी मात्र अळ्यांना नावं ठेवलीत.

निवृत्तबाई

करवंदाचं लोणचं कुणी घालतं का? कृती देऊ का?

कल्याणस्लो

द्या. पण फी कुणीच सांगितली नाही अजून.

चांदणवेल

कल्याणस्लो, सात वर्षांपूर्वीची सांगून काय उपयोग? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आणि हो, रात्री लेकाला बापमाणसाचा प्रतिसाद वाचून दाखवला. हसला. मग शिबिरातल्या कुठल्या तरी गाईचं नाव सांगितलं, जे मला आठवतसुद्धा नव्हतं. आत्ता बघते तर काडेपेटी ओट्यावर नाही. त्याच्या खोलीचं दार लावलेलं आहे. विचारलं नाही.

निवृत्तबाई

करवंदं कच्ची, हिरवीच घ्यायची बरं का. अर्धा किलो.