उत्तर: जुन्या कॉपियरचं स्कॅन शेअर फोल्डरमध्ये जात नाही

या प्रश्नावर वर एकाने सुचवलंय की सांबात (सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कवर शेअर करणारं सॉफ्टवेअर) किमान प्रोटोकॉल एनटी१, म्हणजे फाईल शेअरिंगची एसएमबी १ ही जुनी पद्धत, करा म्हणजे जुना कॉपियर स्कॅन टाकेल, ते टाकेल खरं, पण ही सेटिंग एका शेअरपुरती नसते, अख्ख्या सर्व्हरला लागते. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधून पसरला होता आणि सांबाने ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलंय, त्यामुळे अकाउंट्सचा डेटा असलेल्या मशीनवर मी तरी ते कधीच चालू करणार नाही.

आमच्याकडे अंबडला एका वर्कशॉपच्या ऑफिसात असाच जुना कॉपियर आहे, त्याला एफटीपीवर (नेटवर्कवर फाईल पाठवायची एक जुनी पद्धत) स्कॅन पाठवता येतं. मग त्याच सर्व्हरवर व्हीएसएफटीपीडी हे एफटीपी सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं, कॉपियरसाठी वेगळा युजर केला आणि सांबा शेअर करतं तोच फोल्डर त्याला दिला, स्टाफला फरकही कळत नाही. एक गोष्ट मात्र नक्की बघा, व्हीएसएफटीपीडीचा डिफॉल्ट युमास्क (नव्या फाईलवर कुणाला परवानगी नाही हे ठरवणारा आकडा) ०७७ असतो, म्हणजे फाईल दिसते पण दुसऱ्या कुणाला उघडत नाही. तो ००२ करा आणि फोल्डरला सेटजीआयडी लावून (म्हणजे त्यातली नवी फाईल फोल्डरच्याच ग्रुपची होते) ग्रुप ऑफिसचाच ठेवा. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून फायरवॉलमध्ये एफटीपीसाठी फक्त कॉपियरच्या आयपीलाच परवानगी द्या.