पाव : वडापावातला, पावशेरातला आणि ‘देव पावला’तला

प्रश्न
वडापावातल्या ‘पाव’ची तीन मुळं सांगितली जातात. लादीचे चार तुकडे करतात म्हणून पाव, म्हणजे चौथाई. पूर्वी पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव. आणि तिसरं, पोर्तुगीज. पुरावा कशाला आहे? ‘देव पावला’शी याचं काही नातं?

प्रतिसाद १
पोर्तुगीजच. पावाला लॅटिन शब्द ‘पानेम’, तो झिजत गेला, त्यातला न नाकात शिरला आणि ‘पांव’च्या जवळचा उच्चार उरला. कोकणीत तो नाकातला सूर अजून आहे, मराठीत गळून पडला.

चौथाईचा दावा शेजारच्या भाषा पाहिल्या की टिकत नाही. गुजरातीत चौथाई म्हणजे ‘पा’, खायचा तो ‘पांउ’. बंगालीत चौथाई ‘पोया’, खायची ती ‘पाउरुटी’. मूळ एक असतं तर दोन्हीकडे शब्द वेगळे का झाले असते? मराठीत दोन वेगळे शब्द झिजून एकसारखे झाले, एवढंच. पायांची गोष्ट हिंदी ‘पाँव’वरून सुचलेली दिसते; मराठीत आपण पायच म्हणतो.

शिवाय गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर, आणि हा शब्दही पोर्तुगीज ‘पादेइरु’वरूनच आला. भाजणाऱ्याचं नाव पोर्तुगीज आणि भाजलेल्या वस्तूचं संस्कृत, हे पटण्यासारखं नाही.

प्रतिसाद २
चौथाईचा पाव संस्कृत ‘पाद’वरून : पाद, पाअ, पाव. पावली म्हणजे चार आणे, पावकी म्हणजे चौथाईचा पाढा. पाऊण म्हणजे पाद + ऊन, चौथाईने कमी. सव्वा म्हणजे सपाद.

जुन्या पाककृती वाचताना एक सांभाळा. 80 तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा, म्हणून पावशेर 233 ग्रॅम. आज ‘पावशेर द्या’ म्हटलं की 250 मिळतात, म्हणजे सुमारे 7 टक्के जास्त. साखरेच्या पाकात हा फरक जाणवतो. दूध आणि धान्य मापी शेराने, म्हणजे वजनाने नव्हे तर माप भरून मोजत. तिथे हे ग्रॅम लावूच नका.

प्रतिसाद ३
‘देव पावला’ तिसऱ्याच घरचा : संस्कृत ‘प्र + आप्’, मिळणे, पोचणे. पैसे पावले याची खूण ती पावती.

ओळखायचं कसं? विभक्ती लावून बघा. खायचा पाव नाम आहे : पावाला, पावाचा. चौथाईचा पाव मापाआधी येतो आणि बदलत नाही : पाव किलोचा. तिसरं क्रियापद : पावतो, पावला. फसायला होतं ते ‘पावणेदोन’मध्ये, तो पावणे ‘पाऊण’चा, क्रियापदाचा नव्हे. आणि ‘या पावणं’मधले पावणं तर पाहुणे, संस्कृत ‘प्राघूर्ण’.

प्रश्नकर्ता
गुजराती-बंगालीचा दाखला पटला. जपानीतही ब्रेडला ‘पान’ म्हणतात, तो याच घरचा?

प्रतिसाद १
हो. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोचले. तिथे नाकातल्या सुराचा सरळ ‘न’ झाला. सिंहलीतही ‘पान्’. कोरियन ‘प्पांग’ जपानीमार्गे गेला. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन शब्द लॅटिनमधूनच उतरलेले. आपल्या ‘कंपनी’तही हाच लॅटिन पाव दडलाय : ‘कोम’ म्हणजे सह, एका पावाचे वाटेकरी ते सोबती, त्यांची ती कंपनी.

पोर्तुगालमध्ये पाव मागताना मात्र नाकातून बोला. सपाट ‘पाउ’ म्हणालात तर त्याचा अर्थ लाकूड.