खारा वारा की चढवलेला फेडर? थिएटरातल्या फाटक्या आवाजावरून

दर्यावर्दी
आमच्या किनाऱ्यावरच्या गावात एकच थिएटर उरलंय. तिथे सध्या मारामारी किंवा गाणं सुरू झालं की मधला स्पीकर फाटतो, आणि संवाद नेमके त्याच स्पीकरमधून येतात. मालकांचं उत्तर ठरलेलं: "समुद्राची हवा हो, इथे काही टिकत नाही."

माझ्या मते कोकणात खारा वारा ही सगळ्यात सोयीची सबब झाली आहे. गंज काही मोठा आवाज बघून जागा होत नाही. फक्त मोठ्या आवाजालाच फाटत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होतोय, म्हणजे ताकदीबाहेर ताणला जातोय, आणि तो होतोय फेडर (आवाज कमीजास्त करायचं बटण) वर ढकलल्यामुळे. डॉल्बीच्या प्रोसेसरवर फेडर ७ वर असताना पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलचा पिंक नॉइज (चाचणीसाठी वाजवतात तो खळखळाट) ८५ डेसिबल यावा, असं हॉल लावताना जुळवतात. ४ च्या वर एकेक आकडा म्हणजे साधारण ३.३ डेसिबल. सातचा साडेआठ केलात की ५ डेसिबल वाढले, म्हणजे अ‍ॅम्पकडे तिपटीहून जास्त पॉवर मागितलीत. ती नसेल तर लाटेचे माथे छाटले जाणार. यात समुद्राचा काय संबंध?

बूथवाला
साहेब, पडद्यामागे कधी गेलायत का? मी बूथमध्ये केस पांढरे केलेत, म्हणून विचारतो.

स्पीकरच्या टर्मिनलपाशी वायरचं टोक सोला. वरून लाल-काळी चकचकीत दिसणारी वायर आत हिरवीकाळी निघते. तांबं आत वीतभर गेलेलं असतं, कारण ओल इन्सुलेशनच्या आतून वर चढते. स्क्रू सैल, स्प्रिंग गंजलेली. अ‍ॅम्पच्या रॅकचा पंखा दिवसभर हीच हवा आत ओढतो. मग बोर्डावर धूळ आणि मिठाचा थर बसतो, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की तो थर वीज वाहायला लागतो. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात दुपारचा शो रिकामा म्हणून एसी बंद. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, कुठेही जा, ही सबब नव्हे, रोजचं काम आहे.

आणि गंजलेला जॉइंटसुद्धा आवाज फाडतो, फक्त वेगळ्या तऱ्हेने. त्यात खरखर येते, मध्येच जाते, कुणी दार आपटलं की परत येते. बारीक संवादात ती जास्त जाणवते. मोठा आवाज आला की कधीकधी तोच जॉइंट "उघडतो" आणि दोन मिनिटं सगळं साफ ऐकू येतं.

दर्यावर्दी
म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत. आमच्याकडे बारीक संवाद स्वच्छ आहेत, मोठे फाटतात. तुमच्या वर्णनाच्या बरोब्बर उलट.

बूथवाला
उलट असेल तर ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरचा आवाज काढणारा भाग, बघा म्हणतो मी, ऑपरेटरच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी. त्यातल्या तारेच्या कॉइलच्या फटीत गंजाचा कण गेला तरी ती घासते, आणि स्पीकरचा शंकू जास्त हलला की जास्त घासते. तेही मोठ्या आवाजालाच ऐकू येतं. मग?

गजालीकार
गजाली ऱ्हवांदेत, आधी सांगा, अ‍ॅम्पावरचो लाल दिवो पेटता काय? पेटता तर क्लिप, नाय तर पुढे बघा. आणि व्होल्टेज कोणी मोजलां? संध्याकाळच्या शोक आमच्याकडे १९० पर्यंत उतरता. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पाची पॉवर व्होल्टेजाच्या वर्गान कमी होता. २३० चे १९० झाले की एक तृतीयांश पॉवर खलास. फेडर होतो थयच ऱ्हवता, अ‍ॅम्प मात्र आधीच टेकता. नव्या रेग्युलेटेड सप्लायवाल्या (आतच व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या) अ‍ॅम्पाक सहसा ह्यो त्रास नाय.

मिक्सिंग टेबल
मुंबईत साउंडचं काम करतो, सुट्टीला देवगडला असतो. फेडर साडेआठवर असेल यावर माझा विश्वास बसत नाही. प्रत्यक्षात बहुतेक हॉल पाचच्या आसपास चालवतात, कारण अलीकडचे सिनेमे, विशेषतः ट्रेलर, इतके मोठे मिक्स होतात की सातवर लावले तर लोक तक्रार करतात. मग पुढचा मिक्सिंगवाला आणखी चढवतो, कारण हॉलवाला कमी करणार हे त्याला माहीत असतं.

तेव्हा एक शक्यता कुणीच मांडली नाही: आवाज मुळातच फाटलेला असेल तर? डीसीपीमधला (थिएटरला सिनेमा येतो त्या डिजिटल फाइल्समधला) साउंड अनकॉम्प्रेस्ड, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ असतो. त्या पॅकिंगमुळे काही बिघडत नाही. पण लिमिटरने (आवाजाचे उंच माथे दाबणाऱ्या यंत्राने) चेपून चेपून सपाट केलेलं गाणं कुठल्याही हॉलमध्ये करकरणारच. तोच सिनेमा दुसऱ्या गावात ऐका, किंवा त्याच हॉलमध्ये जुना सिनेमा लावून बघा. तिथेही करकरला किंवा इथे जुना साफ वाजला तर हॉल निर्दोष.

दर्यावर्दी
एकाच सिनेमात नाही, सगळ्यांत फाटतंय. जाहिरातीतसुद्धा. तेव्हा मिक्सिंगवाल्यांना यावेळी सोडून देऊ. (यावेळीच.)

बूथवाला
पस्तीस एमएमच्या काळी हा वाद अजून लांबला असता. साउंड हेडची (फिल्मच्या पट्टीवरून आवाज वाचणाऱ्या भागाची) अलाइनमेंट जरा हलली की प्रत्येक स आणि श थुंकल्यासारखा यायचा, त्यात प्रिंट खराब की हेड खराब हेच आधी ठरायचं नाही. आता तो संशयित यादीतून गेला. सर्व्हरकडून डिजिटल सिग्नलमध्ये गडबड झाली तर टिकटिक येते किंवा आवाज तुटतो, असा घोगरा नाही होत.

उगाच एक
१५० रुपयांचं तिकीट काढून पिक्चर बघायचा की डेसिबल मोजायचे? आमच्याकडे तर पावसात छपराचे पत्रेच डायलॉग मारतात.

मिक्सिंग टेबल
हसण्यावारी नेऊ नका, हे खरंच घडतं. सबवूफर १२० हर्ट्झच्या खालचं वाजवतो, आणि त्या कंपनाने पत्रा, एसीची जाळी, पडद्याची चौकट, हॉर्नचा (वरच्या सुरांच्या भोंग्याचा) एखादा सैल बोल्ट, काहीही थरथरतं. खुर्चीत बसलेल्याला वाटतं स्पीकर फाटला. साइन स्वीप, म्हणजे एकच शुद्ध सूर, हळू आवाजात खालच्या पट्टीतून वर न्या. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच बझ येत असेल तर कुठेतरी काहीतरी सैल आहे किंवा कॉइल घासतेय. क्लिपिंग तसं एका सुराची वाट बघत नाही, पातळी ओलांडली की सगळ्यावर येतं.

पडदा आणि पाऊस
नात्यातल्या माणसाचं किनाऱ्यावरच थिएटर आहे, म्हणून मालकाच्या बाजूने बोलतो. तज्ज्ञ कोल्हापूर किंवा मुंबईहून येतो. तो घाट उतरून आला की फीइतकाच येण्याजाण्याचा खर्च. म्हणून मालक स्थानिक रेडिओवाल्याला बोलावतो, तो एक्सएलआरच्या (साउंडच्या केबलच्या जोडणीच्या) पिना पॉलिश पेपरने घासतो, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज. त्यापेक्षा कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली, वायरची टोकं कापून नवी करणं आणि ओल धरू नये म्हणून रॅकमध्ये रात्रभर एक छोटा बल्ब एवढं वर्षातून एकदा करा. खारा वारा सबब नाही, पण देखभाल न करण्याची सबब नक्की होते. इथपर्यंत दर्यावर्दींशी सहमत.

दर्यावर्दी
इथपर्यंत मीही. तरी फेडरचा मुद्दा मी सोडत नाही. मालक रविवारी रात्रीच्या शोनंतर बघू द्यायला तयार झालेत. अ‍ॅम्पच्या आउटपुटला मधल्या आणि डाव्या स्पीकरच्या केबल्सची अदलाबदल करायची आणि तोच ट्रेलर लावायचा. फाटणं डावीकडे सरकलं तर दोष अ‍ॅम्पच्या बाजूला. मध्येच राहिलं तर वायर किंवा स्पीकर, आणि मग बूथवाले म्हणतील ते ऐकून घेईन. पण त्याआधी चालू शोमध्ये फेडरचा आकडा आणि तो लाल दिवा बघणार.

बूथवाला
अ‍ॅम्प बंद करून मगच केबल काढा. हॉल बायअ‍ॅम्प असेल, म्हणजे वरच्या आणि खालच्या सुरांना वेगळे अ‍ॅम्प असतील, तर हाय आणि लोच्या जोड्यांवर आधी चिठ्ठ्या लावा. लोच्या अ‍ॅम्पला चुकून हॉर्नचा ड्रायव्हर लागला तर त्याचा डायाफ्राम जागीच जाईल, आणि मग मूळ दोष काय होता हे कुणालाच कळणार नाही. आवाज अगदी खालून सुरू करा. वायर सोललीत तर आतलं तांबं कसं निघालं ते इथे फोटोसकट टाका.

गजालीकार
आणि मीटर घेवन जावा. रविवारी रात्री गाव झोपल्यार व्होल्टेज बरा ऱ्हवता, तेव्हा साफ वाजला म्हणून मालकाक सोडू नको. शनिवारी सातच्या शोक परत मोजा.