मदत हवी आहे: फिरता पाट नेमक्या कोनावर थांबत नाही

आजीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेण्यासाठी मी मोटरवर चालणारा फिरता पाट तयार केला आहे. दर १० अंशांवर एक, असे त्याचे ३६ थांबे आहेत. पितळ फार चकाकते, त्यामुळे एक फेरी पांढऱ्या पडद्याआडून येणाऱ्या मऊ प्रकाशात आणि दुसरी, ठोक्यांच्या खुणा उठून दिसाव्यात म्हणून, तिरप्या प्रकाशात घेऊन दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवावी लागतात. दिवे दर थांब्याला हलवणे शक्य नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत पाट पहिल्या फेरीच्याच जागी थांबायला हवा.

पाटाचा व्यास ३०० मिमी आहे. नेमा १७ जातीची स्टेपर मोटर (एक फेरी २०० ठरावीक पावलांत पुरी करणारी), प्रत्येक पावलाचे १६ सूक्ष्म भाग करण्यावर ठेवलेला ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला प्रवाह देणारा छोटा परिपथ), आर्डुइनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा नियंत्रक) आणि जीटी२ जातीचा दातेरी पट्टा वापरला आहे. मोटरवर २० आणि पाटाखाली १२० दात्यांची पुली असल्याने पाटाच्या एका फेरीस १९,२०० सूक्ष्म पावले लागतात.

यातली एक चूक माझी मलाच सापडली. १९,२०० भागिले ३६ म्हणजे ५३३.३३, प्रोग्रॅम दर वेळी ५३३ पावलेच टाकत होता, म्हणजे फेरीमागे १२ पावले कमी पडत होती. आता प्रत्येक थांब्याचे स्थान शून्यापासून मोजून मग पूर्णांकात आणते, त्यामुळे ही तूट साठत नाही.

तरीही तांब्याचे ६ किलोचे घंगाळ ठेवले की अडचण येते. पाटाच्या काठावर पेन्सिलीने रेघ मारून समोर सुई रोवली आहे. लहान तांब्या ठेवला तर रेघ सुईसमोर बरोबर येते, घंगाळ असताना मात्र अधूनमधून सुमारे ३ मिमी मागे राहते. काठावर ३ मिमी म्हणजे जवळजवळ १.२ अंश. पट्ट्याचा एक दाता सुटला असता तर फरक ३ अंशांचा, म्हणजे सुमारे ८ मिमीचा पडला असता. मोटर मात्र सटकली की चार पूर्ण पावलांनी सटकते, ते मोटरचे ७.२ अंश, पुलींच्या प्रमाणामुळे भागिले ६, म्हणजे पाटाचे बरोबर १.२ अंश. घंगाळाचे वजन काठाकडे असल्याने सुरू होताना किंवा थांबताना मोटरला ते झेपत नसावे, असे मला वाटते.

ड्रायव्हरवरचे रोधक ०.१ ओहमचे आहेत आणि प्रवाहाची मर्यादा ठरवणारे संदर्भ व्होल्टेज ०.५६ ठेवले आहे, म्हणजे प्रवाह ०.७ अँपिअर. मोटर १.५ अँपिअरची आहे. शिवाय ती तापू नये म्हणून प्रत्येक थांब्यावर तिचा प्रवाह बंद करते.

आधी काय बदलावे? उष्णताशोषक लावून प्रवाह १ अँपिअर करावा, वेगवाढ कमी करावी, की थांब्यावरही प्रवाह चालू ठेवावा? शून्यस्थानासाठी हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा) आहे, पण तो फेरीच्या सुरुवातीलाच उपयोगी पडतो. मधेच सटकलेले त्याला कळत नाही. त्यासाठी पाटाच्या आसाखाली एएस५६०० हा चुंबकीय एन्कोडर (आसाच्या टोकाला लावलेल्या चुंबकावरून कोन मोजणारा) बसवण्याचा विचार आहे. कोणी तो असा वापरला असल्यास, घरच्या साधनांनी चुंबक नेमका मध्यावर कसा बसवला, हे कृपया सविस्तर सांगावे.