शब्दचर्चा: अनुमान आणि अंदाज

प्रश्न (धुळे): लॉ सीईटीचा (कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा) सराव मराठीतून चालू आहे. 'उताऱ्यावरून कोणते अनुमान निघते?' अशा प्रश्नात अनुमान म्हणजे अंदाजच धरायचा का? क्लासच्या नोट्समध्ये दोन्ही शब्द सरसकट वापरलेत.

उत्तर (रावेर): नाही भो, तिथेच मार्क जातात. 'थंडी वाढली, आता केळीवर चरका (थंडीने होणारं नुकसान) पडणार' हा अंदाज. तो खराही ठरेल, पण त्यामागे आपला अनुभव असतो. पेपरात अनुभव घरी ठेवायचा. हे बघा:

'या पॅकहाउसमधून निर्यातीला गेलेल्या प्रत्येक घडाला बागेत स्कर्टिंग बॅग (घडावर चढवायची संरक्षक पिशवी) घातलेली होती. शेजारच्या बागेत एकाही घडाला बॅग नव्हती.'

शेजारच्या बागेतला एकही घड या पॅकहाउसमधून निर्यातीला गेला नाही, हे निघतं. 'बॅग घातली की माल निर्यातीला जातो' हे निघत नाही, ते उलटं वाचन झालं. 'शेजाऱ्याला भाव कमी मिळाला' हे आपल्याकडच्या कुणालाही पटेल, पण उताऱ्यात भावाचा शब्दच नाही. पर्याय 'पटतो का' असं विचारू नका, 'निघतो का' असं विचारा.

उत्तर (जळगाव): न्यायदर्शनातही (तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातही) अनुमान असंच कडक आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं म्हणायचं, तर 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारा संबंध, आधी मान्य हवी.

कोर्टात मात्र ढील असते. पुरावा कायदा, 1872 च्या कलम 114 मध्ये (1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 119) चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडला आणि ज्याला त्याचा हिशेब देता येत नाही, तो चोर आहे किंवा त्याने चोरीचा माल जाणूनबुजून घेतला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. धरलंच पाहिजे असं नाही. उताऱ्याखालच्या प्रश्नात एवढी मुभा नसते.

प्रश्न (धुळे): मग 'गृहीतक' म्हणजे हेच का?

उत्तर (रावेर): पेपरातलं गृहीतक निराळं. लेखकाने लिहिलेलं नसतं, पण ते काढून घेतलं की त्याचा युक्तिवाद कोसळतो. अनुमान उताऱ्यातून पुढे निघतं, गृहीतक उताऱ्याच्या खाली असतं. आणि क्लॅटही (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार असाल तर तिथे चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, 'पटतो'वाले पर्याय तिथे जास्त महाग पडतात.