फ्यूज बदलून दिला म्हणजे रिकॉल पूर्ण झाला का?

पानापक्कड
सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किआने मिळून अमेरिकेत सुमारे ३३ लाख ७० हजार गाड्यांचा रिकॉल काढला, म्हणजे दोष निघाल्यामुळे गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. टूसॉन, सांता फे, सोरेंटो, स्पोर्टेज या कुटुंबांच्या पसंतीच्या एसयूव्हीही त्यात आहेत. दोष एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये, म्हणजे एचईसीयूमध्ये. त्याच्या आतल्या आत ब्रेक ऑइल झिरपतं, सर्किट बोर्डापर्यंत पोचतं आणि शॉर्ट होतो. युनिटला बॅटरीचा पुरवठा कायम चालू असल्यामुळे बंद करून लावलेली गाडीही पेटू शकते. म्हणूनच काम होईपर्यंत गाडी उघड्यावर आणि इमारतींपासून लांब लावायची सूचना आहे.

एवढं गंभीर प्रकरण, आणि उपाय काय? कमी अँपिअरचा, म्हणजे आधीपेक्षा कमी करंटवरच उडणारा फ्यूज! युनिटमधल्या मोटरच्या दांड्याची ओ-रिंग (गळती अडवणारी गोल रबरी कडी) ब्रेक ऑइलमधल्या ओलाव्याने आणि घाणीने कमकुवत होते, असं ह्युंदाईनेच कळवलंय. ती ओ-रिंग तशीच ठेवायची असेल तर याला दुरुस्ती म्हणू नये.

मल्टीमीटर
असहमत. रिकॉल आगीच्या धोक्यासाठी आहे, आणि आग लागते ती उष्णतेने. १२ व्होल्टच्या वायरीवर ४० अँपिअरचा फ्यूज असेल तर शॉर्टच्या जागी ४८० वॅटपर्यंत उष्णता सतत तयार होऊ शकते. १५ अँपिअर केला की १८० वॅट. (आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेत, प्रत्येक मॉडेलचा फ्यूज वेगळा असतो.) फ्यूजचं कामच ते आहे.

दुसरं, ३३ लाख युनिट आणणार कुठून? सुटे भाग तयार होईपर्यंत लोकांनी वर्ष-दोन वर्षं गाड्या रस्त्यावर लावायच्या? फ्यूज काही मिनिटांत बसतो. युनिट बदलायचं तर ब्रेकचे पाइप सोडायचे, स्कॅनर लावून पंप चालवत हवा काढायची, नवीन युनिटला गाडीचा प्रकार कोड करून द्यायचा. त्यात हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं दबतं. लाखो गाड्यांवर हे काम घाईने झालं तर त्यातून नवा धोका तयार होईल.

पानापक्कड
हिशोब मान्य, पण त्यात एक गृहीत धरलंय: शॉर्ट पूर्ण होईल आणि फ्यूज उडेल. ब्रेक ऑइल म्हणजे तांब्याची तार नव्हे. ओलावा आणि विरघळलेला धातू असलेलं ऑइल थोडाच करंट वाहू देतं. मर्यादेच्या आत राहून ८-१० अँपिअर वाहत राहिले तर १५ चा फ्यूज गप्प बसतो आणि बोर्डाचा तेवढा भाग १०० वॅटने तापत राहतो.

शिवाय इतिहास बघा. २०२० मध्ये किआने ऑप्टिमा आणि सोरेंटो बोलावल्या. तेव्हा उपाय होता युनिट तपासायचं आणि गळकं असेल तर बदलायचं. २०२१ मध्ये त्याच सुमारे ४ लाख ४० हजार गाड्या पुन्हा बोलावून नवीन फ्यूज बसवायला घेतला. एकाच गाडीला दोन हेलपाटे!

मल्टीमीटर
तेच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तपासणीच्या दिवशी कोरडं दिसलेलं युनिट सहा महिन्यांनी गळू शकतं. फ्यूज मात्र रोज पहारा देतो.

चाकजोडणी
दोघांच्या वादात एक गोष्ट सुटतेय. फ्यूज उडाला की एबीएस, गाडी घसरताना सावरणारं ईएससी आणि पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी करणारं ईबीडी तिन्ही बंद. साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. मागे मुलं बसलेल्या उंच गाडीत ही किरकोळ बाब नाही. म्हणजे फ्यूज आग टाळतो, पण त्या दिवसापुरती दुसरी सुरक्षा काढून घेतो. एबीएसचा दिवा लागला की गाडी थेट वर्कशॉपला न्या, आणि तिथे नुसता फ्यूज बदलून परत येऊ नका. युनिट तपासायला लावा.

गळतीचा सुगावा ब्रेक ऑइलच्या टाकीत लागतो. ब्रेक पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरते, ते ठीक. पण पॅड जाड आहेत, चाकांच्या आत किंवा पाइपांवर कुठे ओल नाही, तरी पातळी खाली जातेय, तर ऑइल आत कुठेतरी जातंय. वरून ओतून विषय मिटवू नका.

नवखा_चालक
मग काम होईपर्यंत एबीएसचा फ्यूजच काढून ठेवला तर?

चाकजोडणी
नको. वर सांगितलेलं सगळं संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करताय. गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरात लावू नका आणि लवकरात लवकर काम करून घ्या. गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक (व्हीआयएन) अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, साइटवर टाकून राहिलेले रिकॉल दिसतात. जुनी गाडी घेताना तर आधी हेच करा, कारण राहिलेल्या रिकॉलसकट जुनी गाडी विकायला तिथल्या डीलरला केंद्रीय कायद्याने बंदी नाही.

पानापक्कड
आणि फ्यूज बदलल्यावरही दिवा लागला किंवा जळका वास आला, तर एनएचटीएसएच्या साइटवरच तक्रार नोंदवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएचटीएसएने या दोन कंपन्यांच्या १६ रिकॉलची, म्हणजे सुमारे ६४ लाख गाड्यांची, उपाय पुरेसा आहे का या मुद्द्यावर फेरतपासणी सुरू केली. माझी शंका त्यांनाही आली होती.

मल्टीमीटर
शंका रास्त आहे, ते नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की फेरतपासणीच्या निकालाची वाट बघत कोणी फ्यूजचं काम लांबवू नये. ते फुकट आहे, आजच करून घ्या. युनिटसाठीचं भांडण त्यानंतरही चालू ठेवता येतं.